घरी बनवलेला पेलेट स्मोकर ११० अंशांवर स्थिर राहत नाही, कंट्रोलर कसा बांधावा?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. पेलेट स्मोकरची (दाबलेल्या भुशाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळून त्या धुरावर मांस शिजवायची पेटी) बॉडी अंबडला (नाशिकची औद्योगिक वसाहत) करून घेतली आहे, आता कंट्रोलरवर गाडी अडली आहे. सध्याची परिस्थिती अशी:

चेंबर ३ मिमी एमएस पत्र्याचा, ६० × ४५ × ४५ सेंमी, इन्सुलेशन नाही. ऑगर (हॉपरमधून, म्हणजे पेलेटच्या साठ्यातून, माल फायरपॉटमध्ये, म्हणजे जळण्याच्या भांड्यात, ढकलणारा स्क्रू) ५० मिमी पाइपमध्ये, त्याच्या शाफ्टवर थेट १२ व्होल्टची १० आरपीएम गिअर मोटर. ब्लोअर १२ व्होल्टचा, सतत फुल स्पीडवर. इग्नायटर २३० व्होल्ट, २५० वॅट, हाताने चालू-बंद. मोटर डब्ल्यू१२०९ थर्मोस्टॅटवर आहे.

११० अंश लावले की चेंबर ८५ ते १६० असा झोके खातो. दोन-तीन तासांत एकदा विस्तव पार विझतो. मग मोटर माल ढकलत राहते, पांढरा दाट धूर येतो आणि पुन्हा पेटताना भपकन भडका उडतो.

नवीन कंट्रोलरसाठी आणून ठेवलेलं सामान: ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर बोर्ड), तीन वायरचा पीटी१०० प्रोब (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा), तो वाचायला मॅक्स३१८६५ बोर्ड, आयआरएफ५२० मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मॉड्यूल, दोन चॅनलचा निळा रिले बोर्ड.

प्रश्न तीन. एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ रेक्स सी१०० सारखा तयार पीआयडी कंट्रोलर (तापमानातल्या फरकाप्रमाणे आउटपुट कमी-जास्त करणारा) लावला तर भागेल का? मध्येच लाइट गेली तर काय करायचं? आणि बॉयलरसाठी मिळतात ते पेलेट चालतील, की द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांचे करून घ्यावेत?

सातपूर_इन्स्ट्रुमेंट

आधी आजार कळला पाहिजे, औषध नंतर.

डब्ल्यू१२०९ ची रेंज उणे ५० ते ११० अंश आहे. तुमचा सेटपॉइंट (लावलेलं तापमान) त्याच्या टोकावरच बसतोय, त्यामुळे पुढचा आकडा तो धड वाचूच शकत नाही. पण खरं कारण वेगळं आहे. तो फक्त चालू किंवा बंद एवढंच जाणतो. ११० झाले की मोटर पूर्ण बंद. ब्लोअर मात्र फुल, म्हणजे फायरपॉटमधला उरलेला माल काही मिनिटांत जळून संपतो. पत्रा तापलेला असल्याने चेंबर हळू उतरतो, आणि मोटर पुन्हा चालू व्हायच्या वेळेला खाली निखारे उरलेलेच नसतात किंवा अगदी थोडे असतात. त्यावर गार माल पडतो, धुमसतो, चेंबरभर जळाऊ वायू साठतो आणि ज्वाला आली की एकदम पेट घेतो. भडका तिथून येतो. हा प्रकार हलक्यात घेऊ नका, झाकण उडून हात भाजू शकतो.

म्हणून पहिला नियम : विस्तव जिवंत असताना ऑगर कधीच शून्यावर जाऊ द्यायचा नाही. तापमान सेटपॉइंटच्या वर असलं तरी किमान पुरवठा चालू राहिला पाहिजे.

रेक्स सी१०० इलेक्ट्रिक ओव्हनला उत्तम. इथे नाही चालणार. तो आउटपुट शून्यापर्यंत खाली आणतो, त्याला इग्नायटर माहीत नाही, ब्लोअर माहीत नाही, विस्तव विझला हे ओळखता येत नाही. विझलेल्या भट्टीत तो इमानदारीने १०० टक्के माल ओतत राहील, कारण त्याच्या दृष्टीने तापमान कमी आहे. तुम्ही ईएसपी३२ आणला आहे तोच रस्ता बरोबर.

आता सामानाबद्दल.

पीटी१०० तीन वायरचा आहे ते चांगलं झालं. मॅक्स३१८६५ बोर्डवर ४३० ओहमचा संदर्भ रेझिस्टर आहे ना ते बघा, त्यावर ४३०१ किंवा ४३०० असं छापलेलं असतं. ४३०१ म्हणजे ४.३ किलो-ओहम, तो पीटी१००० साठी असतो. ४३०० म्हणजे ४३० ओहम, तो तुमचा. बहुतेक बोर्ड दोन किंवा चार वायरच्या जोडणीत येतात. तीन वायरसाठी सोल्डरचे जंपर जोडावे लागतात आणि एक बारीक पट्टी ब्लेडने कापावी लागते. कोडमध्येही तीन वायर सांगायला विसरू नका. हे न केल्यास वायरचा रोध थेट तापमानात मिसळतो. पीटी१०० मध्ये १ ओहम म्हणजे जवळपास २.६ अंशांची चूक.

प्रोब तपासायला महागडं काही लागत नाही. बर्फ आणि पाण्याच्या काल्यात १०० ओहम आला पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र १०० अंश शोधू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, तिथे प्रोब १३७.७ ओहमच्या आसपास दाखवतो. कोडमध्ये २ अंशांची खोटी दुरुस्ती टाकून बसू नका.

सगळ्यात धोकादायक गोष्ट पुढे. प्रोबची वायर तुटली किंवा ढिली झाली की लायब्ररी (बोर्ड वाचणारा तयार कोड) कधी ९८८ अंश देते, कधी उणे २४२. ९८८ आलं तर फार तर पुरवठा कमी होईल. उणे २४२ आलं की कंट्रोलर समजतो भयंकर गार आहे आणि फुल माल सोडतो. म्हणून फॉल्ट रजिस्टर (बोर्डने नोंदवलेला बिघाड) प्रत्येक वेळी वाचा. ० पेक्षा कमी किंवा ३०० पेक्षा जास्त आकडा, किंवा एका सेकंदात ५ अंशांची उडी, असं काही आलं की तो आकडा टाकून द्या. सलग १० सेकंद चांगला आकडा मिळाला नाही तर सरळ बंद करण्याच्या क्रमात जा.

आयआरएफ५२० मॉड्यूल बाजूला ठेवा. ते मॉसफेट ३.३ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही, अर्धवट उघडं राहून तापतं आणि मोटरला जोर मिळत नाही. आयआरएलझेड४४एन घ्या किंवा डी४१८४ चं तयार मॉड्यूल. गेटपासून ग्राउंडला १० किलो-ओहम हवाच, नाहीतर बूट होताना मोटर आपोआप झटका मारते. पिन २५, २६, २७, ३२, ३३ यांतल्या वापरा. ०, २, १२, १५ या बूटच्या वेळी अडचण करतात. मोटरच्या टोकांवर उलटा डायोड, १एन५४०८ चालेल.

निळा रिले फक्त इग्नायटरसाठी ठेवा, तो एका पेटवणीला एकदाच चालतो. ऑगर रिलेवर नको. २० सेकंदांचं चक्र धरलं तर तासाला १८० वेळा, सहा तासांच्या स्मोकिंगला १,०८० वेळा. असल्या रिलेचं विद्युत आयुष्य साधारण लाखभर ऑपरेशनचं धरतात, आणि कॉन्टॅक्ट चिकटला तर मोटर थांबतच नाही.

ऑगर ५ मिनिटं सलग चालवून पडलेल्या पेलेटचं वजन करा. स्क्रू आधी पूर्ण भरलेला असू द्या. तो आकडा आल्याशिवाय पीआयडीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

गंगापूररोडकर

धन्यवाद सर. वजन केलं. ५ मिनिटांत ४१० ग्रॅम.

सातपूर_इन्स्ट्रुमेंट

मग हेच मूळ दुखणं. मिनिटाला ८२ ग्रॅम म्हणजे तासाला जवळपास ४.९ किलो.

तुमचा पत्रा सुमारे दीड चौरस मीटर. एकपदरी पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १० ते १२ वॅट जातात. बाहेर २५ आणि आत ११० धरले तर सुमारे १.४ किलोवॅट. धुराड्यातून जाणारी उष्णता मिळवून दोन ते सव्वादोन. पेलेटमध्ये किलोला साधारण ४.७ युनिट उष्णता असते. म्हणजे तुम्हाला तासाला ४५० ते ५०० ग्रॅम माल लागतो आणि मोटर त्याच्या दहापट ओतू शकते. १५ टक्के किमान पुरवठा ठेवला तरी तासाला ७३५ ग्रॅम पडेल, ११० वर कधीच थांबणार नाही.

पीडब्ल्यूएमने (वीज झपाट्याने चालू-बंद करून) मोटर हळू करायचा मोह टाळा, वेगाबरोबर जोरही जातो आणि एखादा आडवा पेलेट अडकला की मोटर तिथेच घुमत बसते. यांत्रिक घट करा. ३ ते ४ आरपीएम हवेत.

अंबड_फॅब

चेन लावा. सायकलचं १८ दातांचं फ्रीव्हील मोटरवर आणि ४८ दातांचं चेनव्हील ऑगरच्या शाफ्टवर. १० गुणिले १८ भागिले ४८, म्हणजे ३.७५ आरपीएम, आणि जोर अडीचपटीहून जास्त वाढतो. फ्रीव्हील एका बाजूला मोकळं फिरतं, म्हणून वेल्डचे दोन टाके मारून लॉक करून घ्या, नाहीतर मोटर फिरेल आणि ऑगर जागेवर. ४८ दाती चक्राचा व्यास वीस सेंमीच्या घरात जातो, तेवढी जागा मोजून ठेवा. चेन हॉपरखाली उघडी ठेवू नका, पत्र्याचं कव्हर करा.

जोर वाढला की दुसरी काळजी. अडकलं तर आता मोटर थांबण्याऐवजी काहीतरी तोडेल. शाफ्ट आणि चक्राच्या मध्ये ४ मिमीची मऊ पितळी पिन घाला. अडकल्यावर ती तुटली पाहिजे, गिअरबॉक्स नाही.

कोणी २३० व्होल्टची छोटी सिंक्रोनस मोटर सुचवली तर एक बघून घ्या. दोन वायरची मोटर कोणत्या दिशेने सुटेल याचा नेम नसतो, आणि अडकली की उलटीही फिरते. ऑगर उलटा फिरला तर निखारे हॉपरकडे. घ्यायचीच असेल तर कपॅसिटरवाली, दिशा ठरलेली घ्या.

बाकी बॉडीचं: फायरपॉट किंवा त्याच्या जवळ कुठेही जीआय पत्रा वापरला असेल तर काढून टाका. जस्ताचा थर तापून त्याचा धूर सुटतो आणि तो शरीराला वाईट. फायरपॉट ३ मिमी एसएस ३०४ चा चालतो. इग्नायटर सातपूर-अंबडला कार्ट्रिज हीटर बनवणारे ऑर्डरप्रमाणे करून देतात. सांगताना तीन गोष्टी सांगा : आवरण इनकोलॉयचं (उष्णता सोसणारा मिश्रधातू), वायरच्या बाजूला ४० ते ५० मिमी थंड भाग, आणि पुढचं टोक फायरपॉटमध्ये १०-१२ मिमी एवढंच डोकावणार. साधं आवरण लाल तापून लवकर फुटतं.

आणि हॉपरचं झाकण. गास्केट आहे का? झाकणातून हवा गळत असेल तर चिमणी उलटी चालते. धूर ऑगरच्या पाइपातून हॉपरमध्ये चढतो आणि त्यामागे विस्तव.

सातपूर_इन्स्ट्रुमेंट

चेनने हिशोब जमतो. ३.७५ आरपीएमला मिनिटाला ३१ ग्रॅमच्या आसपास, फुल चालवली तर तासाला १.८५ किलो. १५ टक्के किमान म्हणजे तासाला २७५ ग्रॅम, सव्वा किलोवॅटच्या थोडं वर. ११० ला लागणारा पुरवठा साधारण २६ टक्के येतो. आता नियंत्रणाला वरही जागा आहे आणि खालीही.

लाइट जाण्याचा प्रश्न पीआयडीपेक्षा मोठा आहे. लाइट गेली की ब्लोअर थांबतो, पण फायरपॉटमधला विस्तव थांबत नाही. तो हवा शोधत पाइपातून मागे सरकतो. लोडशेडिंगच्या भागात २३० व्होल्टची मोटर आणि ब्लोअर लावणं मला तरी मान्य नाही. तुमचे दोन्ही आधीच १२ व्होल्टचे आहेत, त्याचा पूर्ण फायदा घ्या.

सीसीटीव्हीसाठी मिळतो तो बॅटरी बॅकअपवाला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घ्या, १२ व्होल्ट ५ अँपिअर, आणि त्याला ७ एएचची यूपीएसची बॅटरी. साधा एसएमपीएस बॅटरीला नुसता समांतर जोडू नका. बॅटरी भरायला १३.६ ते १३.८ व्होल्ट आणि मर्यादित करंट लागतो. ब्लोअर अर्धा अँपिअर, ऑगर चालू असताना एक अँपिअर पण पाव वेळच, ईएसपी आणि डिस्प्ले मिळून पाव. एकूण सरासरी एक अँपिअर. बॅटरी निम्मीच वापरायची असं धरलं तरी तीन तास निघतात. इग्नायटर तेवढा बॅटरीवर चालणार नाही, २५० वॅट म्हणजे १२ व्होल्टला २१ अँपिअर. पण विस्तव पेटलेला असेल तर त्याची गरजच नाही. लाइट गेली तरी स्मोकिंग अखंड चालू राहतं.

मोटर सुटताना व्होल्टेज दबून ईएसपी रिसेट होतो, हा ठरलेला त्रास. बक कन्व्हर्टरच्या (१२ व्होल्ट कमी करून ईएसपीला देणाऱ्या) आधी एक डायोड आणि त्यानंतर १००० मायक्रोफॅरड कपॅसिटर. रिसेट झालाच तर चालू अवस्था फ्लॅशमध्ये लिहिलेली असावी, आणि उठल्यावर आधी तापमान बघून ठरवायचं. आंधळेपणाने पेटवणीचा क्रम पुन्हा सुरू करायचा नाही, पेटलेल्या पॉटमध्ये आणखी ४० ग्रॅम ओतले जातात.

आता क्रम. हा नीट बांधला तर पीआयडी साधा असला तरी चालतो.

पेटवणी : झाकण उघडं. ब्लोअर ३० सेकंद एकटा. मग इग्नायटर चालू आणि ऑगर ८० सेकंद, म्हणजे ४० ग्रॅम. त्यानंतर १५ सेकंद चालू, ६५ सेकंद बंद. पेटलं हे ओळखायला चेंबरचं तापमान सुरुवातीच्या तापमानापेक्षा १५ अंशांनी वाढलं पाहिजे आणि वाढतच राहिलं पाहिजे. इंटरनेटवरच्या बऱ्याच कोडमध्ये इथे ४६ अंश असा पक्का आकडा असतो. आपल्याकडे तो चुकीचा. एप्रिलमध्ये उन्हात ठेवलेल्या काळ्या पत्र्याचं चेंबर न पेटवताच त्याच्या वर असतं, कंट्रोलर समजतो पेटलं, इग्नायटर बंद करतो आणि माल ओतायला लागतो. उलट डिसेंबरात निफाडकडे पहाटे पारा एक अंकी असतो, तिथे तोच आकडा गाठायला उगीच वेळ जातो. फरक मोजा, आकडा नको.

पेटल्यावर इग्नायटर आणखी दोन मिनिटं, मग बंद. १० मिनिटांत पेटलं नाही तर सगळं बंद करून अलार्म. आपोआप दुसरा प्रयत्न अजिबात ठेवू नका. पॉट रिकामा करून, झाकण उघडून, माणसानेच पुन्हा सुरू करायचं.

चालू अवस्था : चक्र २० सेकंदांचं. त्यातल्या किती सेकंद ऑगर चालणार ते पीआयडी ठरवतो, किमान ३ सेकंद. सुरुवातीचे आकडे म्हणून प्रपोर्शनल बँड (सध्याच्या फरकासाठी) ३३ अंश, इंटिग्रल (साठत गेलेल्या फरकासाठी) १८० सेकंद, डेरिव्हेटिव्ह (फरक बदलण्याच्या वेगासाठी) ४५ सेकंद घ्या, आणि पायाभूत पुरवठा ०.२६. पडलेल्या पेलेटची धग प्रोबपर्यंत यायला एक-दोन मिनिटं लागतात, म्हणून दर सेकंदाला निर्णय घेऊन काही साधत नाही. इंटिग्रल सेटपॉइंटच्या १५ अंश आत आल्यावरच सुरू करा, आणि आउटपुट किमान किंवा कमाल टोकाला टेकलेलं असेल तर गोठवा. नाहीतर तापताना तो साठत जातो आणि ११० ऐवजी १४० ला जाऊन थांबतो.

झाकण उघडल्यावर तापमान धाडकन पडतं आणि पीआयडी घाबरून माल सोडतो. १० सेकंदांत ८ अंशांहून जास्त उतरलं की झाकण उघडलं असं समजा, मागच्या दोन मिनिटांची सरासरी पुरवठा म्हणून धरा आणि १२० सेकंद तिथेच राहा.

विझणं : पुरवठा कमाल असूनही तापमान १० मिनिटं सेटपॉइंटच्या २५ अंश खाली आणि उतरतंच आहे, म्हणजे विस्तव गेला. ऑगर बंद, अलार्म.

बंद करणं : ऑगर बंद, ब्लोअर फुल, किमान १० मिनिटं. इथेही तापमान नको, वेळ धरा.

मागे सरकणारा विस्तव : ऑगरच्या पाइपवर हॉपरपासून ५ ते ७ सेंमीवर एक एनटीसी (साधा तापमान सेन्सर) क्लॅम्पने बसवा. ७० अंश ओलांडले की ब्लोअर फुल आणि ऑगर ९० सेकंद सलग, म्हणजे निखारे पुढे ढकलले जातील, मग बंद करण्याचा क्रम. इथे पुरवठा थांबवणं ही उलटी कृती ठरते, निखारे पाइपातच राहतात. एनटीसी ईएसपीच्या एडीसीवर (व्होल्टेज मोजणाऱ्या पिनवर) थेट चालेल, इथे दोन-तीन अंशांनी बिघडत नाही. मांसाच्या आतल्या प्रोबला मात्र एडीएस१११५ (वेगळा, जास्त अचूक एडीसी) लावा, ईएसपीचा एडीसी टोकांकडे सरळ रेषेत नसतो.

इंदिरानगर_मेकर

एक शंका. ब्लोअरसुद्धा पीआयडीवर घेतला तर तापमान आणखी घट्ट धरता येणार नाही का? कोळशाच्या स्मोकरमध्ये तसंच करतात.

सातपूर_इन्स्ट्रुमेंट

कोळशात इंधन आधीच पडलेलं असतं, फक्त हवा हातात असते. इथे इंधन आणि हवा दोन्ही हातात आहेत आणि दोघांचं प्रमाण जुळायला हवं. दोन लूप एकमेकांशी भांडतात : तापमान जास्त म्हणून ब्लोअर कमी होतो, आग धुमसते, तापमान पडतं, ऑगर माल सोडतो, वर कडू काळपट धूर. ब्लोअर ठरावीक ठेवा. ११० ला ४० ते ५० टक्के पुरेसा होईल. ज्वाला पॉटच्या काठाच्या थोडी वर, पिवळी आणि स्थिर दिसली पाहिजे. १५० च्या वर सेटपॉइंट लावला तरच वाढवा. पीडब्ल्यूएम २५ किलोहर्ट्झला द्या म्हणजे शिट्टी वाजणार नाही. साधा दोन वायरचा ब्लोअर असेल तर कमी टक्क्यांना सुरू होत नाही, सुटताना दोन सेकंद फुल द्या.

प्रोब जाळीच्या उंचीवर, भिंतीपासून ५ सेंमी आत. ड्रिप ट्रेच्या कडेवरून वर येणारा झोत थेट त्यावर येऊ देऊ नका. आणि प्रोबवर चरबीचा थर साचला की तो मंद होतो, मग ट्यून केलेला पीआयडी पुन्हा झोके घ्यायला लागतो. आकडे बदलण्याआधी प्रोब पुसा.

मखमलाबाद_बागायतदार

पेलेटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बॉयलरचे पेलेट खाण्याच्या पदार्थांना नको. त्यात भुईमुगाची टरफलं, कपाशीच्या पऱ्हाट्या, सोयाबीनचा भुसा असतो, आणि लाकडाचा भुसा असला तर तो बऱ्याचदा प्लायवूड आणि एमडीएफ कापताना पडलेला. त्यात फॉर्मल्डिहाइडचं राळ असतं. बॉयलरमध्ये चालतं, चिकनवर नाही. शिवाय शेतमालाच्या पेलेटची राख जास्त, ती वितळून पॉटच्या तळाला खडे धरते, हवेची भोकं बुजतात आणि विस्तव विझतो. तुमचा विस्तव विझण्यात हेही कारण असू शकतं, पॉट उपडा करून बघा. चांगल्या लाकडी पेलेटची राख एक टक्क्याच्या आत असते.

द्राक्षाच्या काड्यांचा मोह नाशिकमध्ये सगळ्यांना होतो, एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला ढीग पडलेले असतात. वास छान येतो हे खरं. पण निर्यातीची बाग असो की लोकल, वर्षभर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना), सल्फर आणि आंतरप्रवाही बुरशीनाशकं पडतात. तांबं सालीवर बसून राहतं आणि पावसानेही पूर्ण धुऊन जात नाही. माझ्या मते फवारणीच्या बागेच्या काड्या स्मोकरमध्ये घालू नयेत. धूर हवाच असेल तर बांधावरच्या, न फवारलेल्या पेरूचं, आंब्याचं किंवा बाभळीचं लाकूड वापरा. त्याचे पेलेट करायचे असतील तर भुशाचा ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणावा लागतो, त्याहून ओला असला की डायमधून बाहेर येतानाच फुटतात.

विकत घेताना दोन पेलेट पाण्यात टाका. चांगला पेलेट लगेच बुडतो आणि काही मिनिटांत फुगून भुसा होतो. तरंगत राहिला तर नीट दाबलेला नाही. याच कारणाने पावसाळ्यात हॉपरमध्ये माल ठेवू नका. दमट हवेनेही तो फुगतो, ऑगरमध्ये भुसा घट्ट बसतो आणि पितळी पिन तुटते. काम झालं की हॉपर रिकामा, माल घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रीव्हील आणि चेनव्हील आणलं, सीसीटीव्हीचा एसएमपीएस पण मिळाला. पॉटच्या तळाला खरंच काचेसारखे खडे होते.

दोन गोष्टी राहिल्या. शेतावरच्या लाइनवर संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत पडतं, इग्नायटरला चालेल का? आणि पावसाळ्यात इग्नायटर लावला की आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होते. दुसरा हीटर लावून पाहिला, तोही तसाच.

सातपूर_इन्स्ट्रुमेंट

हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते. २५० वॅटचा हीटर १९० व्होल्टला १७० वॅटच देतो. पेटेल, पण वेळ लागेल, आणि १० मिनिटांची मर्यादा अपुरी पडेल. मर्यादा वाढवू नका, त्यापेक्षा ३०० वॅटचा करून घ्या. १९० ला तो २०० च्या वर राहतो. २३० ला १.३ अँपिअर होतात, इग्नायटरच्या फेजला २ अँपिअरचा फ्यूज, १२ व्होल्टच्या बाजूला ५ अँपिअरचा. नवीन हीटर इनकोलॉयचाच सांगा, ताकद वाढली की साधं आवरण आणखी लवकर जाईल.

अंबड_फॅब

ट्रिप होतंय ते हीटरमुळेच, आणि आरसीसीबी बरोबर काम करतेय. हीटरच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात न वापरता पडून राहिला की बॉडीला गळती सुरू होते. नवा हीटर दुकानात महिनाभर उघडा पडला असेल तरी तेच.

आरसीसीबी काढून टाकू नका किंवा ३० मिलीअँपिअरच्या जागी १०० ची लावू नका. तुमची सगळी बॉडी लोखंडी आहे आणि तुम्ही चरबी लागलेल्या हाताने झाकण धरणार. बॉडीला अर्थिंग वेगळ्या हिरव्या वायरने, रंग खरवडून, बोल्टखाली.

हीटर काढून १२० ते १५० अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच तास ठेवा, वायरचं टोक बाहेर येईल असं, कारण काही वायरचं आवरण तेवढं सोसत नाही. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) टर्मिनल आणि आवरण यांच्यामध्ये मोजा. १ मेगाओहमच्या वर आलं की बसवा. नाही आलं तर पुन्हा भाजा, तरीही नाही तर फेकून द्या. मल्टिमीटरने ही गळती बहुतेक वेळा दिसत नाही, त्याचं व्होल्टेज फार कमी असतं. मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात मेगर असतो, तिथे दोन मिनिटांचं काम आहे. कोरडा झाल्यावर वायर जिथे आत जाते तिथे उष्णता सोसणारं सिलिकॉन लावा. आणि पावसाळ्यात स्मोकर वापरत नसाल तर हीटर काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा.

पावसात आडोसा म्हणून शेडमध्ये चालवणार असाल तर तीन बाजू उघड्या असलेल्या शेडमध्येच. बंद खोलीत किंवा ग्रिल झाकलेल्या गॅलरीत नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.